सल्ला हवा: 'शतरंज-ए-बाद' (इराण, 1976) विकत घ्यावा का?

कृष्णाकाठ (सांगली):
मंडळी, मोहम्मद रेझा असलानींचा हा सिनेमा संग्रहात हवाय. मला सापडला तो क्रायटेरियन या जुने-दुर्मीळ सिनेमे चकत्यांवर काढणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या 'वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट'च्या चौथ्या संचात. सोबत आणखी पाच सिनेमे. एकासाठी सगळा संच घ्यायचा? घरात आधीच बोलणी खातोय.

रीळवाला:
डोळे झाकून घ्या. 1976 साली तेहरानच्या महोत्सवात दाखवला, क्रांतीनंतर बंदी आली, आणि मग वर्षानुवर्षं फक्त गचाळ व्हीएचएस कॉप्या फिरत होत्या. 2014 साली असलानींच्या मुलाला तेहरानमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मूळ निगेटिव्ह मिळाली! आपण जुन्या बाजारात उगाच हात काळे करत नाही.

कथा म्हणाल तर आई गेलेली, चाकाच्या खुर्चीतली मुलगी, वाड्यावर डोळा ठेवून बसलेला सावत्र बाप. वाटणीचे खटले बघितलेल्या सांगलीकराला वेगळं काही सांगायला नको. पण दिव्यांच्या उजेडातला तो पिवळसर अंधार बघाच. आणि मधूनमधून अंगणात कपडे धुणाऱ्या बायका वाड्यातल्यांची उणीदुणी काढतात, ते तर फारच भारी.

मिरज_जंक्शन:
संथ आहे हां. पहिला अर्धा तास मी घड्याळ बघत होतो.

पेठभाग:
सिनेमा राहू द्या, आधी प्लेअरचं बघा. चकत्यांना 'रीजन' म्हणजे प्रदेशाचं कुलूप असतं, एका प्रदेशाची चकती दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नाही. अमेरिकेतली ब्लू-रे रीजन ए, आपला देश रीजन सी. डीव्हीडीतही तिकडे 1, इकडे 5. साध्या प्लेअरवर चकती फिरायची नाही. मल्टी-रीजन प्लेअर असेल तरच मागवा. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतो, पण पाचच वेळा, मग कुलूप.

कृष्णाकाठ:
प्लेअर मल्टी-रीजन आहे, पुण्याहून आणलेला. बाकीच्या पाचांत काही दम आहे का?

रीळवाला:
नर्तक उदय शंकरांचा 'कल्पना' (1948) आहे की! तो एकटाच संचाचे पैसे वसूल करतो. शिवाय अंगोलाच्या स्वातंत्र्यलढ्यावरचा 'सांबिझांगा'. घरी सांगताना 'कल्पना'चं नाव आधी घ्या, इराण नंतर.

पेठभाग:
आणि ठेवाल तो वरच्या मजल्यावर ठेवा. 2019 च्या पुरात आमच्या तळमजल्यावरचं कपाट गेलं. चकत्या पुसून चालल्या, पण आतल्या पुस्तिकांचा लगदा झाला.