मदत हवी आहे : पूरग्रस्त सोसायटीच्या भिंतीवर इतिहास रंगवायचाय, पण जुना एकही फोटो नाही

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबलाय, पण जमलं तर पूर्ण वाचा, कारण प्रश्न एकमेकांत अडकलेत.

आमची सोसायटी पुण्यात सहकारनगर भागात आहे, पानशेतच्या पुरात ज्यांची घरं गेली अशा कुटुंबांची. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी आंबी नदीवरचं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यानं मुठेवरचं खडकवासलाही गेलं आणि नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. हे इथं बऱ्याच जणांना माहीत असेल, पण आमच्याच मुलांना माहीत नाही. माझ्या लेकानं परवा विचारलं की आई, पूरग्रस्त हे कुणाचं आडनाव आहे का, कारण गेटवरच्या पाटीवर तो शब्द आहे आणि त्याला वाटलं ज्यांनी जागा दिली त्यांचं नाव असेल. त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर टाकलं की कंपाउंडची भिंत आपण सगळ्या घरांनी मिळून रंगवू या, आपण कुठून आलो ते त्यावर काढू या, आणि २२ पैकी १७ घरं लगेच हो म्हणाली. पुढच्या १२ जुलैच्या आधी पूर्ण व्हावी अशी इच्छा आहे.

आता अडचणी. भिंत ६० फूट लांब आणि ७ फूट उंच, विटांची, वरून सिमेंटचा गिलावा. मागच्या बाजूला बागेचा नळ असल्यामुळे खालच्या दीड-दोन फुटांत कायम ओल, पांढरा लोणा (मिठाचा थर) फुटतो, हात लावला की पोपडे पडतात. एक पेंटर म्हणाला पुट्टी मारून देतो, काही होत नाही. खरंच चालेल का? कारण मुलांनी रंगवलेलं पहिल्याच पावसात गळून पडलं तर फार वाईट वाटेल त्यांना.

दुसरी आणि मोठी अडचण म्हणजे कुणाकडेच पुराआधीचे फोटो नाहीत. होते ते ट्रंकेत आणि ट्रंक गाळात. आमच्या आजीचं लग्न पुराच्या आदल्या वर्षी झालं, तिच्या लग्नाचासुद्धा फोटो नाही. वाडा कसा होता विचारलं तर ती डोळे मिटून सांगते, दिंडी दरवाजा, मग उजवीकडे आड, आडाच्या काठावर तुळस, जिना इतका अरुंद की गरोदर बाईनं आडवं होऊन चढायचं. मी लिहून घेते, पण ते चित्रात कसं आणायचं कळत नाही. तिच्याकडे त्या घरातलं फक्त एक पितळी पातेलं उरलंय, गाळ उपसताना शेजारच्या वाड्याच्या अंगणात सापडलेलं, त्यावर नाव घातलेलं होतं म्हणून लोकांनी आणून दिलं.

तिसरं म्हणजे पूर काढायचा की नाही यावरूनच दोन तट पडलेत. तरुण मुलांना खऱ्या मापात पाण्याची रेघ हवीये. मीटिंगमध्ये एक काका म्हणाले पाणी पहिल्या मजल्याच्या वर होतं, दुसरे म्हणाले गुडघाभर होतं, आवाज चढले, चहा तसाच राहिला. आणि आजी एवढंच म्हणाली, "पाणी काढू नका गं तिथं, मी रोज सकाळी त्याच भिंतीपाशी दुधाला उभी राहते." यावर काय बोलायचं मला खरंच सुचलं नाही.

कुणी असं सामूहिक काम केलंय का? अनुभव सांगा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, आधी भिंतीचं बघा. लोण्यावर पुट्टी अजिबात मारू देऊ नका. आतून पाणी येत राहणार आणि मीठ पुट्टीला ढकलून बाहेर काढणार, दोन महिन्यांत फुगे. पहिल्यांदा नळाची गळती बंद करा आणि मागची माती भिंतीला चिकटून असेल तर खणून बाजूला घ्या. खालचा खराब गिलावा विटेपर्यंत काढून टाका, मीठ कोरड्या ब्रशनं झाडा, धुऊ नका, धुतलं की परत आत जातं. मग भिंत उघडी ठेवा, निदान महिनाभर. सुकली की नाही बघायला हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, दुसऱ्या दिवशी आतून घाम धरलेला दिसला तर अजून थांबा. नवा गिलावा केलात की त्यालाही ओलं ठेवायचे दिवस धरून चार आठवडे द्या, सिमेंट ताजं असताना रंग खातं. म्हणजे आत्ता ऑक्टोबरला सुरू केलंत तर रंग डिसेंबर-जानेवारीत, आणि ते बरंच आहे, उन्हाचा ताप कमी. खालच्या एक-दीड फुटात चित्र नेऊच नका, तेवढा पट्टा साधा सोडा.

रंग बाहेरच्या भिंतीचं ॲक्रिलिक इमल्शन आणि त्यात स्टेनर, म्हणजे छटा आणायला मिसळायचा घट्ट रंग. शाळेचे पोस्टर कलर नकोत. भडक लाल-पिवळा उन्हात लवकर उडतो, गेरू आणि पिवडीच्या जातीचे मातकट रंग टिकतात, आणि तुमच्या विषयाला तेच शोभतील.

प्रतिसाद २

फोटो तुमच्याकडे नाहीत, पण पुण्याबाहेरच्या नातेवाइकांकडे असतील! त्या काळी लग्नाच्या फोटोची एक प्रत माहेरी जायची, मुंबई, नागपूर, बेळगाव जिथं असेल तिथं. आमच्याकडे माझ्या आत्येच्या घरी असाच एक फोटो निघाला, पाठीमागे वाड्याची ओसरी स्पष्ट दिसत होती. प्रत्येक घराला सांगा की आजीच्या, पणजीच्या माहेरी फोन करा. शिवाय जुलै १९६१ चे केसरी, सकाळचे अंक जुन्या ग्रंथालयांत बांधून ठेवलेले मिळतात, जाऊन बसा एक दिवस, मुलांना घेऊन.

प्रतिसाद ३

मी चित्रकला शिकवतो. आजी सांगतायत तो वाडा फोटोपेक्षा चांगला आहे हो. त्यांना वाडा काढायला सांगू नका, नकाशा सांगायला सांगा. जमिनीवर खडूनं, त्या सांगतील तसं मुलांनी आखायचं, इथं दार, इथं आड, चुकलं की त्या ओरडतील, पुसायचं, परत काढायचं. तासाभरात तुम्हाला पूर्ण घर मिळेल. तेच कागदावर चौकटी पाडून घ्या आणि भिंतीवर नीळ लावलेल्या दोरीनं तितक्याच मोठ्या चौकटी मारा, म्हणजे लहान मूलसुद्धा आपली चौकट भरू शकेल.

पाण्याच्या रेघेचं भांडण होणारच, कारण दोघंही खरं बोलतायत. एक नदीला लागून राहत असतील, एक उंचावर. एकच रेघ मारू नका. प्रत्येक घरानं आपापल्या पेठेची आपली रेघ मारावी.

आणि ते पातेलं. बाकीच्या घरांत अशी नाव घातलेली भांडी आहेत का? असतील तर विचारा.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. नळ दुरुस्त झालाय, गिलावा काढायला माणूस परवा येतोय. पुट्टीवाल्याला नको म्हणून कळवलं.

भांड्यांचं मी ग्रुपवर विचारलं आणि रविवारी आमच्या जिन्याखाली अकरा भांडी जमा झाली. पातेली, तांब्या, एक घंगाळ, एका घरातून नुसतं झाकण. कुणालाच माहीत नव्हतं की दुसऱ्याकडेही आहे! मुलांनी नावावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासली की टिंबाटिंबांची अक्षरं उमटायची, एकावर तारीख होती, एकावर नुसतंच रुखवत असं. झाकणवाल्या काकूंनी सांगितलं की पूर ओसरल्यावर लोक गाळातून भांडी काढून रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडून ठेवायचे आणि ज्याचं त्यानं नाव वाचून न्यायचं. खडकवासला रिकामं झालेलं, नळाला पाणी नाही, त्यामुळे ती धुवायचीसुद्धा सोय नव्हती, गाळासकट उचलून न्यायची. हे त्या पहिल्यांदाच बोलल्या, त्यांच्या सुनेलाही माहीत नव्हतं.

तर भिंतीच्या मधोमध ती भांड्यांची ओळ काढायची असं ठरलंय, नावं जशी घातलेली तशीच. दोन्ही बाजूंना वाडे, खडूच्या नकाशावरून. आजीनं आडाची जागा तीनदा बदलायला लावली. रेघेबद्दल दोन्ही काकांनी मान्य केलं की आपापली मारू, फक्त ती निळी नको, गाळाच्या रंगाची हवी. आजीला विचारलं की एवढं चालेल का, ती म्हणाली भांडी चालतील, रेघेचं बघून सांगते. म्हणून रेघ सगळ्यात शेवटी, आणि दुधाच्या कोपऱ्यापासून लांब.

एक राहिलं. भांड्यांचा पितळी रंग स्टेनरमध्ये कसा जमवायचा? सोनेरी रंग बाहेर काळा पडतो असं ऐकलंय. आणि वरून क्लिअर कोट मारावा की नाही? चित्रकला शिकवणाऱ्या दादांनी किंवा कुणीही सांगा.