मदत हवी आहे: डेटोना ५०० ला बाबांना घेऊन जायचंय, सीट कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही ऑर्लँडोला राहतो आणि यंदा फेब्रुवारीत बाबा कोल्हापूरहून येतायत, गाड्यांचं प्रचंड वेड आहे त्यांना, त्यामुळे नॅस्कारचा (अमेरिकेतली मोठी कार रेसिंग मालिका) सीझन जिथून सुरू होतो ती डेटोनाची रेस, म्हणजे डेटोना ५००, त्यांना प्रत्यक्ष दाखवायचीच असं ठरवलंय. टीव्हीवर मी बरेच वर्षं बघतोय पण ट्रॅकवर कधी गेलो नाही.

मुख्य अडचण सीटची. अडीच मैलांचा ट्रॅक, वळणावर रस्ता आतल्या बाजूला ३१ अंश कललेला, खालच्या रांगेत बसलं तर गाड्या सर्रकन समोरून जातात आणि पलीकडचं काहीच दिसत नाही म्हणे, मग वरच्या रांगा घ्यायच्या का? स्टार्ट-फिनिशच्या समोर बरं की चौथ्या वळणाकडे? ड्राफ्टिंगमुळे (हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून पुढच्या गाडीला चिकटून चालवणं) सगळा घोळका शेवटपर्यंत एकत्र असतो, एकाचा तोल गेला की दहा-पंधरा गाड्या एकदम आपटतात, ते सगळं नीट दिसायला हवं. बाबांचे गुडघे दुखतात, लिफ्ट कुठल्या बाजूला आहे तेही सांगा.

दुसरं म्हणजे पाऊस. २०२० आणि २०२४ ला पावसामुळे रविवारची रेस सोमवारवर गेली होती, तेव्हा जे गेले होते त्यांनी तिकिटाचं, पार्किंगचं काय केलं? सोमवारची सुट्टी आधीच टाकून ठेवू का?

आणि ड्रायव्हर-टीमचं बोलणं ऐकायचा स्कॅनर तिथे भाड्याने घ्यावा की विकत? २०० लॅप आहेत, बाबांच्या कानांची काळजी वाटते. गुरुवारच्या ड्युएल रेसेसही (मुख्य रेसमध्ये कोण कुठून सुरू करणार ते ठरवणाऱ्या दोन छोट्या रेस) बघाव्यात का? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.