इंग्रजी वाक्प्रचार: आधी अंगानं करून बघावेत की वाक्यातूनच शिकावेत?

मंगळवारपेठकर
माझं मत सरळ आहे. हावभावावरून आलेला इंग्रजी वाक्प्रचार आधी आरशासमोर करून बघावा, मग डिक्शनरी उघडावी. 'स्टिफ अपर लिप' घ्या. रडू फुटताना ओठ थरथरतो. तो ताठ धरला की मनातलं बाहेर दिसत नाही. झाला अर्थ! 'ट्विडल युअर थम्ब्स' म्हणजे दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायची आणि अंगठे एकमेकांभोवती फिरवत बसायचं. अर्ध्या मिनिटात कळतं, हे आपलं माशा मारणं. घोकंपट्टी कशाला?

शड्डू_०९
ओ, मग 'बाइट युअर टंग' करून बघा की. आपण जीभ चावतो ती नको ते बोलून गेल्यावर. इंग्रजीत चावतात ती बोलायच्या आधी, तोंडावर आलेला शब्द गिळायला. हालचाल तीच, वेळ उलटी. हे आरसा सांगतोय होय? 'पुल समवन्स लेग' तर अजून वाईट. आपल्याकडं पाय ओढणं म्हणजे वर चाललेल्याला खाली खेचणं, तिकडं नुसती थट्टा. अंगठ्याचंही तेच: आपला ठेंगा, त्यांची मंजुरी. (व्हॉट्सअ‍ॅपनं आता आपल्यालाही बाटवलंय, ते सोडा.)

रंकाळ्याची_हवा
हालचाल खरी की म्हणण्यापुरती, ते आधी बघा. 'ही श्रग्ड' म्हटलं की खांदे खरंच उडाले: 'मला काय माहीत' किंवा 'मला काय त्याचं'. 'ही श्रग्ड ऑफ द क्रिटिसिझम' मध्ये खांदे जागचे हललेही नसतील, टीका मनावर घेतली नाही एवढंच. सगळा खेळ त्या 'ऑफ'चा. दुसरी खूण कर्त्याची. 'शी रेझ्ड ॲन आयब्रो' मध्ये भुवई तिची. 'द डिसिजन रेझ्ड आयब्रोज' मध्ये निर्णयाला कुठल्या आल्यात भुवया? त्या लोकांच्या. आणि 'लिफ्ट अ फिंगर' बहुतेक नकारातच येतं: 'ही डिडन्ट लिफ्ट अ फिंगर', म्हणजे इकडची काडी तिकडं केली नाही. होकारी वाक्यात घातलं की कानाला खटकतं.

मंगळवारपेठकर
जीभ मान्य. पण थट्टा करताना कोण कुणाचा पाय धरतंय? तो हावभावच नव्हे, माझ्या यादीत नाही. आता सांगा, 'शड्डू ठोकणे' लंडनच्या माणसाला कसं शिकवाल? मांडीवर थाप मारूनच ना?

शड्डू_०९
थाप मारीन, पण कुस्ती सुरू व्हायच्या आधी मारतात हेही सांगीन. नाहीतर त्याला वाटेल डास मारला. निवडणुकीत पुढारी शड्डू ठोकतो तिथं मांडी कुठली नि थाप कुठली! 'थ्रो इन द टॉवेल' तसंच. बॉक्सरच्या कोपऱ्यातला माणूस रिंगणात टॉवेल टाकतो, म्हणजे आमची हार. घरी टॉवेल फेकून बघितलात तर आंघोळ आठवेल.

रंकाळ्याची_हवा
भाषांतरात पोरं पडतात ती मानेवर. 'नॉड' म्हणजे मान वरखाली, होकार. 'शेक युअर हेड' म्हणजे डावीउजवीकडं, नकार. मराठीत नुसतं 'मान हलवली' लिहिलं की दोन्ही निघतं. म्हणून पहिल्याला 'मान डोलावली', दुसऱ्याला 'नकारार्थी मान हलवली', असं फोडून लिहा. पटतंय का दोघांना?

मंगळवारपेठकर
मान हलवली आहे. कुठल्या दिशेनं ते ओळखा.