खोतांचा तर्क अजून सुटलेला नाही, मग त्यांच्या संशोधनाचा प्रभाव मोजायचा कसा?

गंगापूर रोड (धागाकर्ता)
माझी एक विद्यार्थिनी निफाड तालुक्यातली, घरी द्राक्षबाग. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी हातात आलीय, पण तिला थिअरीत, म्हणजे संगणकशास्त्राच्या गणिती बाजूत, पीएच.डी. करायचीय. वडील घरी येऊन बसले आणि म्हणाले, "सर, असल्या अभ्यासानं कुणाचं काय झालं, एक माणूस दाखवा." मी सुभाष खोतांचं नाव घेतलं.

खोत आपल्या इचलकरंजीचे. 1995 ला आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात पहिले, पुढे मुंबई आयआयटी, प्रिन्स्टन, आता न्यूयॉर्क विद्यापीठ. 2002 मध्ये त्यांनी 'युनिक गेम्स' हा तर्क मांडला (एका ठराविक प्रकारच्या कोड्यांचं जवळपास बरोबर उत्तरही झटपट काढता येत नाही, असं अनुमान) आणि 2014 ला सोलच्या गणित परिषदेत त्यांना नेवानलिना पारितोषिक मिळालं. तो तर्क आजही सिद्ध झालेला नाही.

काम काय ते आपल्या नाशकातल्याच उदाहरणाने सांगतो. 2027 च्या सिंहस्थात रामकुंड, काळाराम, दहीपूल, भद्रकाली या भागात बंदोबस्त लावायचाय. प्रत्येक गल्लीच्या निदान एका टोकाला पोलीस हवा, आणि कमीत कमी चौकांत भागलं पाहिजे. एक साधी रीत आहे: जिच्या दोन्ही टोकांना कुणी नाही अशी गल्ली शोधा, दोन्ही टोकांना माणूस उभा करा, मग पुढची गल्ली. अशा निवडलेल्या गल्ल्यांचे चौक एकमेकांत येत नाहीत, म्हणून कितीही हुशार माणसाने आराखडा केला तरी त्यातल्या प्रत्येक गल्लीला एक तरी माणूस लागणारच. आपण दोन लावले. म्हणजे आपला आकडा सर्वोत्तमाच्या दुपटीवर कधीच जात नाही.

रीत दहा मिनिटांत शिकवून होते. तिच्याहून चांगली हमी, समजा 1.99 पट, कुणाला देता येईल का? तर्क खरा असेल तर कोणत्याही नकाशासाठी झटपट चालणारी अशी पद्धत असणं जवळपास अशक्य, हे खोत आणि ओदेद रेगेव्ह यांनी 2003 मध्ये दाखवलं. कुठे थांबायचं हे इतक्या नेमकेपणाने सांगणं हा मला मोठा प्रभाव वाटतो.

सातपूरकर
सर, आदर ठेवून सांगतो, तुमचं उदाहरणच तर्काच्या बाजूने जात नाही. शहराचा नकाशा कागदावर सपाट काढता येतो, उड्डाणपूल सोडले तर रस्ते एकमेकांना चौकातच छेदतात. अशा सपाट नकाशांसाठी ब्रेंडा बेकर यांनी 1983 लाच पद्धत दिली आहे. हवं तितकं सर्वोत्तमाच्या जवळ जाता येतं. खोतांची भिंत दहीपुलावर नाहीच.

मी अंबडच्या एका कारखान्यात गाड्यांचे मार्ग लावतो. सकाळी सहाला ऑर्डरी येतात, साडेसहाला ड्रायव्हरच्या हातात कागद लागतो. सॉफ्टवेअर काय हमी देतं हे आजवर कुणी विचारलेलं नाही. डिझेल किती वाचलं एवढंच विचारतात. ही मंडळी सर्वात वाईट नकाशा डोक्यात धरून सिद्धता करतात, आणि तो नकाशा माझ्या टेबलावर कधी येतच नाही. त्यात सगळा डोलारा न सुटलेल्या तर्कावर. उद्या तो खोटा ठरला तर? मुलीला नोकरी करू द्या.

गंगापूर रोड
सपाट नकाशाचा मुद्दा बरोबर आहे, चूक माझी. गल्ल्यांऐवजी एकमेकांशी न पटणारी औषधं किंवा नोंदी घ्या: न पटणाऱ्या प्रत्येक जोडीतलं निदान एक काढायचं, आणि कमीत कमी काढून भागलं पाहिजे. तिथे कोणाचा संबंध कोणाशी जोडला जाईल याला सपाटपणाचं बंधन नसतं. भिंत तिथे आहे.

देवळाली कॅम्प
नाशकात हा वाद चाललाय आणि कापरेकर मास्तरांचं नाव कुणी काढलं नाही याचं वाईट वाटलं. देवळालीच्या शाळेत शिकवून त्यांनी 6174 शोधला. 3524 घ्या. अंक उतरते आणि चढते लावून वजा करा: 3087. पुन्हा: 8352. पुन्हा: 6174, आणि तिथून आकडा हलत नाही. चारही अंक सारखे नसले की जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथेच येतो. उपयोग विचारत बसले असते तर हे झालं नसतं.

तपोवन
कापरेकरांबद्दल मलाही प्रेम आहे, पण ही तुलना खोतांना न्याय देत नाही. 6174 चा आनंद आपण सगळे घेतो, मात्र त्यावर पुढचं बांधकाम फारसं झालं नाही. खोतांच्या बाबतीत उलट आहे. नाव माहीत असलेले थोडे, पण ती थोडी माणसं वीसहून जास्त वर्षं त्याच पायावर बांधतायत.

सातपूरकर, "खोटा ठरला तर" याचं उत्तर देतो. नकाशाचे दोन गट पाडून जास्तीत जास्त रस्ते दोन गटांमधून जातील असं करायचं, या प्रश्नावर गोमन्स आणि विल्यमसन यांनी 1995 ला सर्वोत्तमाच्या निदान 0.878 पट मिळेलच अशी हमी दिली. तो अपूर्णांक इतका विचित्र की कुणीतरी सुधारणारच असं वाटे. 2004 मध्ये खोत आणि तिघा सहकाऱ्यांनी दाखवलं की तर्क खरा असेल तर तीच शेवटची मर्यादा. त्यासाठी एक गोष्ट लागली: कुणा एकाचं वजन फार नसलेल्या निवडणुकीत, काही मतं चुकीची नोंदली गेली तरी निकाल सर्वात कमी हलतो तो साध्या बहुमताच्या नियमात. हे पुढे वेगळं सिद्ध झालं. तर्क पडला तरी ते राहणारच.

आणि तर्क अगदी अधांतरी नाही. 2018 मध्ये खोत, मिंझर आणि साफ्रा यांनी त्याचा थोडा सौम्य भाऊबंद सिद्ध केला. त्यामुळे वर सरांनी सांगितलेल्या दुपटीच्या प्रश्नात 1.41 च्या आत हमी देणं अवघड, हे आता युनिक गेम्सच्या आधाराशिवाय, पी आणि एनपी वेगळे (म्हणजे उत्तर झटपट तपासता येणारा प्रत्येक प्रश्न झटपट सोडवता येतोच असं नाही) एवढं धरून म्हणता येतं. आधी ती मर्यादा 1.36 होती.

पिंपळगाव बसवंत
मी बागायतदार. आकडे सगळे कळले नाहीत, पण त्या बापाचं कळलं. आमच्याकडे एप्रिल छाटणीला एक मणी हाती येत नाही. सगळा खर्चच. पण काडीत घड तेव्हाच धरतो, ऑक्टोबर छाटणीनंतर तो दिसतो. एप्रिलला मजुरी देताना माझा हात आखडत नाही, कारण ऑक्टोबर कधी येणार हे मला ठाऊक असतं. तपोवन, तुमच्या ह्या बागेचा ऑक्टोबर कधी?

तपोवन
दादा, तारीख नाही देता येत. खोतांनाच बारा वर्षांनी पारितोषिक मिळालं आणि तर्क अजून काडीतच आहे. पीएच.डी.च्या वर्षांत तिला उपाशी राहावं लागत नाही एवढं सांगू शकतो. नेट-जेआरएफ ही सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 आणि घरभाडं वेगळं. कंपनीच्या पगाराच्या मानाने कमी, हे लपवत नाही.

सातपूरकर
बहुमताच्या नियमाची गोष्ट मला माहीत नव्हती, ती रात्री वाचली. तेवढ्यापुरता माझा मुद्दा मागे घेतो. पण 2010 मध्ये अरोरा, बराक आणि स्टोयरर यांनी युनिक गेम्स सोडवायची अशी पद्धत दिली, जी अशा अवघड प्रश्नांकडून अपेक्षित असते त्यापेक्षा बरीच लवकर संपते. म्हणजे हे कोडं त्या प्रश्नांहून सोपं निघेल अशी शंका घ्यायला जागा आहे. सर, मुलीला खोतांची बाजू सांगाल तेव्हा ही बाजूही सांगा. ती थिअरीत गेलीच तर मला वाटतं तिने तर्क पाडायच्या बाजूला काम करावं.

गंगापूर रोड
रविवारी निफाडला जातोय. तिघं बसू. पिंपळगाव दादा, तुमचा एप्रिल-ऑक्टोबरचा प्रश्न मी तुमच्याच शब्दांत तिच्यापुढे ठेवणार आहे, उत्तर तिलाच देऊ दे.