लेखक फिरल्याने घडतो की एका जागी राहिल्याने?

काळी माती

गेल्या आठवड्यात ‘भटकंती’ यांनी येथे लिहिले की मराठी साहित्य खुरटले, कारण मराठी लेखक उंबरा ओलांडत नाही. त्याने दरवर्षी दोन महिने हिमालयात किंवा परदेशात काढले, तर त्याची लेखणी आपोआप मोठी होईल, असे त्यांचे म्हणणे. हे विधान मला इतके खटकले की दोन ओळींच्या प्रतिसादावर भागवणे शक्य झाले नाही.

ना. धों. महानोरांनी पळसखेड्यात शेती केली आणि त्याच शेतातून १९६७ साली ‘रानातल्या कविता’ आल्या. त्यांच्या कवितेतला पाऊस पेरणीच्या चिंतेसकट येतो, कारण तो पाहणाऱ्याचे वर्षभराचे अन्न त्या पावसावर ठरणार असते. अबालाल रहिमान यांनी कोल्हापुरात कोटीतीर्थाच्या काठी राहून त्याच पाण्याची आणि त्याच झाडांची चित्रे काढली. फ्रेंच चित्रकार पॉल सेझान दक्षिण फ्रान्समधील एक्स गावी जन्मला आणि तेथेच वारला. सेंट व्हिक्टॉर हा एकच डोंगर तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. तुकोबांना ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ म्हणण्यासाठी देहूपासून पायी जाता येईल असा भंडाऱ्याचा डोंगर पुरला. आणि बहिणाबाई चौधरी? असोदे माहेर, जळगाव सासर, दोन्हींत काही मैलांचे अंतर. तेवढ्या टापूतून ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ ही ओळ आली, जी जग फिरून आलेल्या कोणाला सुचली नाही.

भूप्रदेश चार दिवस आलेल्या पाहुण्याशी बोलत नाही. तो सर्व ऋतूंत, आजारपणात आणि कर्जातही पाहावा लागतो, तेव्हा कुठे त्यातून कविता निघते.

भटकंती

आपण सोयीची उदाहरणे निवडली आहेत. गो. नी. दांडेकरांनी नर्मदा परिक्रमा केली नसती, तर ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ कोठून आली असती? नामदेव पंढरपुरातच राहिले असते, तर त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात गेली असती का? आपण महानोरांचे नाव घेतलेत, मग व्यंकटेश माडगूळकरांचे का टाळलेत? ‘बनगरवाडी’ ही कादंबरी लिहिणारा माणूस तोवर माणदेश सोडून शहरात आला होता, आणि दूर आल्यामुळेच त्याला ते गाव अखंड दिसले, असे माझे ठाम मत आहे.

चित्रकारांचे म्हणाल, तर सय्यद हैदर रझा १९५० साली पॅरिसला गेले आणि साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिले. ते गेले नसते, तर आज आपण ज्यांना ओळखतो ते रझा झालेच नसते. मी स्वतः स्पितीच्या खोऱ्यात गेलो, तेव्हा तेथील उघड्या डोंगरांनी मला सह्याद्रीकडे नव्याने पाहायला शिकवले. तुलना करायला दुसरे काही पाहिलेलेच नसेल, तर माणूस आपल्या अंगणालाच विश्व समजतो.

काळी माती

रझांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. जंगलखात्यात नोकरीला असलेल्या वडिलांबरोबर ते मध्य प्रदेशातील मंडल्याच्या रानात वाढले. लक्ष एकाग्र व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितल्याची आठवण ते सांगत. पॅरिसला गेल्यानंतर तीसेक वर्षांनी त्यांच्या चित्रांत जो बिंदू स्थिरावला, तो त्या भिंतीवरचा होता. फ्रान्सने त्यांना रंग हाताळण्याचे शिक्षण दिले, हे मान्य. पण हात वळला तो बालपणाकडे. शेवटी दफनही मंडल्यातच झाले.

दुसरे असे की जे खरे प्रवासी होते, ते प्रेरणा शोधायला निघालेच नव्हते. गोडसे भटजी वरसईहून निघाले ते घरचे कर्ज फेडायला, मथुरेत बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत सत्तावनचे बंड पेटले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, आणि पंचविसेक वर्षांनी ते लिहिले. ‘माझा प्रवास’ छापून आला १९०७ साली. निसर्ग पाहण्याच्या हौसेचे त्यात काहीही नाही.

जात्यावरची ओवी

मी येथे क्वचित लिहिते, पण बहिणाबाईंचा हा वापर वाचून गप्प बसणे मला जमणार नाही. काळी माती, त्या ‘तेवढ्या टापूत’ राहिल्या, हे आपण गुण म्हणून सांगत आहात. तो त्यांचा निर्णय होता का? तिशीत वैधव्य आलेली, अक्षरओळख नसलेली, शेतात राबणारी ही बाई कुठे जाणार होती? महानोरांनी पळसखेड निवडले. बहिणाबाईंना जळगाव मिळाले. या दोन गोष्टी एका वाक्यात बसवणे अन्यायाचे आहे. त्यांची गाणी कागदावर आली ती मुलाने, सोपानदेवांनी, टिपून घेतली म्हणून. आणि पुस्तक निघाले १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

मी कलाशाळेत असताना निसर्गचित्रणासाठी हंपीची अभ्याससहल निघाली होती. घरून मला परवानगी मिळाली नाही. वर्गातले मुलगे तुंगभद्रेकाठच्या शिळांची रेखाटने घेऊन परतले आणि वर्षअखेरच्या प्रदर्शनात भिंती त्यांनीच भरल्या. माझे चित्र होते गच्चीवरून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीचे. परीक्षकांनी ‘विषयाची निवड मर्यादित’ असा शेरा मारला. तेव्हापासून ‘अंगणातही विश्व असते’ हे वाक्य कोणी पुरुष म्हणाला की मला त्याचा राग येतो.

काळी माती

आपल्या बाबतीत घडले ते चुकीचे होते, याबद्दल दुमत नाही. पण त्यासाठी बहिणाबाईंना बिचाऱ्या ठरवू नका. त्यांच्या कवितेत कोंडल्याची तक्रार नाही. धरित्रीच्या कुशीत निजलेले बी त्यांनी जसे पाहिले, तसे दहा देश हिंडलेल्यांना दिसले नाही. आपण त्यांच्या आयुष्यावर आजचे दुःख लादत आहात, आणि त्यात त्यांची कविता झाकली जात आहे.

जात्यावरची ओवी

तक्रार नाही, असे आपण म्हणता, कारण आपण ती शोधलीच नाही. ‘दे रे दे रे योग्या ध्यान, ऐक काय मी सांगते, लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते.’ ज्या बाईच्या जगात सासर ते माहेर एवढाच रस्ता आहे, ती त्या रस्त्याचेच तत्त्वज्ञान करते. ही प्रतिभा आहेच. मी त्यांना बिचारी कुठेही म्हटलेले नाही. तो रस्ता पुरेसा होता, हे त्यांच्या वतीने ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला, एवढेच मी विचारते आहे.

ज्यांना बाहेर पडता आले, त्यांनी काय केले तेही पाहा. दुष्काळात आई-वडील गमावलेल्या, लहानपणापासून तीर्थोतीर्थी पायपीट केलेल्या पंडिता रमाबाईंनी अमेरिकेहून परतल्यावर १८८९ साली तेथील लोकस्थितीवर जे मराठी पुस्तक लिहिले, त्यात नद्या-पर्वत आहेत आणि तितक्याच बारकाईने पाहिलेल्या शाळा आणि स्त्रियांच्या संस्थाही आहेत.

कुडाळकर

वाद पुण्या-जळगावात चालला आहे, पण झळ आम्हाला लागते. श्रावणात शहरातून माणसे येतात, हिरवा रंग पाहतात आणि परत जाऊन लिहितात. त्या हिरव्या रंगात लावणीला दिवसभर वाकलेल्या बायकांची कंबर कोणाला दिसत नाही, आणि मे महिन्यात विहिरी आटतात तेव्हा प्रेरणा घ्यायला कोणी फिरकत नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या घराने याच कुडाळात खानावळ चालवली. पोटासाठी ते मुंबईला गेले. त्यांच्या ‘कोंडुरा’ कादंबरीत जे कोकण आहे, ते अंधाराचे, भयाचे आणि दैवाचे आहे, त्यात पाहुण्याला दाखवायचा देखावा नाही. असे कोकण श्रावणात येऊन चार दिवसांत सापडणार नाही. भटकंती, आपण स्पितीत किती दिवस होता आणि तेथल्या माणसांपैकी किती जणांची नावे आपल्याला आठवतात, हे आधी सांगा.

भटकंती

ही व्यक्तिगत टीका आहे आणि मला ती अनाठायी वाटते. नावे आठवतात, परंतु ती येथे देण्याचे मला कारण दिसत नाही. दोन महिन्यांची अट फार ठोकळ होती, एवढे मी मान्य करतो. मात्र खानोलकरही मुंबईला गेलेच, हे आपल्याच लिहिण्यात आहे, आणि ‘कोंडुरा’ त्यानंतरची आहे. माडगूळकर, रझा, खानोलकर या तिघांनाही आपला प्रदेश तो सोडल्यावर सापडला. काळी माती यांनी याचे उत्तर अजून दिलेले नाही.

काळी माती

त्यांनी प्रदेश सोडला तो नोकरीसाठी, पोटासाठी किंवा शिक्षणासाठी, आणि सोडण्याआधी त्यात ते अनेक वर्षे मुरले होते. सोडण्याने धार आली असेल, हे नाइलाजाने मान्य करतो. पण धार लावायला आधी पाते लागते. बहिणाबाईंची कविता मोठी आहे, हे म्हणणे मी सोडणार नाही. मात्र प्रवासाविरुद्धचा पुरावा म्हणून त्यांचे नाव मी पुढे करणार नाही.

जात्यावरची ओवी

तेवढे पुरे नाही. पुरुष हिंडला तेव्हा घर कोणी धरले, हाही या चर्चेचा भाग व्हायला हवा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक मनात येईल तेव्हा घर सोडून जात. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांच्या हाती बायबल आले आणि पुढे १८९५ साली त्यांनी धर्मांतर केले. त्या सगळ्या भटकंतीचा हिशेब त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मांडला आहे: नातेवाइकांच्या दारी काढलेली वर्षे, अनोळखी गावी थाटलेले आणि मोडलेले संसार. त्यांनी प्रवास निवडला नव्हता आणि एका जागी राहणेही त्यांच्या हातात नव्हते. तरीही एकोणिसाव्या शतकातील मराठी मुलखाचे त्यांच्याइतके जिवंत चित्र टिळकांच्या कवितेत मला सापडत नाही. आपल्या दोघांच्या सिद्धांतांत लक्ष्मीबाई कुठे बसतात, ते भटकंती आणि काळी माती यांनी सांगावे.