जपानच्या छोट्या गावात एएलटी: रोजचं आयुष्य कसं असतं?

निळी_छत्री
नमस्कार मंडळी, एप्रिलपासून तोचिगी प्रीफेक्चरमधल्या एका छोट्या गावात इंग्रजीची असिस्टंट टीचर (एएलटी) म्हणून जातेय. जपान सरकारच्या जेट प्रोग्रॅममधून नाही, शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या डिस्पॅच कंपनीकडून. व्हिसा, इंग्रजी माध्यमाचे दाखले वगैरे सगळं झालंय, ते विचारत नाहीये. रोजचं सांगा ना. तास चार-पाचच असतात म्हणे, मग उरलेल्या वेळात काय करायचं? मी शाकाहारी आहे (अंडं चालतं), त्याचं काय? सुरुवातीचे महिने पैशांचं कसं जमवायचं? आणि गावात एकटी पडेन याची सगळ्यात जास्त धास्ती वाटतेय, जपानी फक्त हिरागाना-काताकाना वाचण्यापुरतंच येतं.

कोवळं_ऊन
अभिनंदन! मी बरीच वर्षं प्राथमिक शाळांमध्ये आहे. माझं स्पष्ट मत आहे की एएलटीची खरी नोकरी तासांच्या बाहेर असते. तास ठरलेला असतो, पुस्तक ठरलेलं असतं, मुख्य शिक्षक जपानी असतात. पण जेवणाच्या वेळी वर्गात जाऊन मुलांमध्ये बस. पांढरे डगले, टोप्या, मास्क घातलेली मुलं स्वतः मोठमोठ्या भांड्यांतून सगळ्यांना वाढतात, सगळ्यांची ताटं लागेपर्यंत कुणी घास घेत नाही, मग एकदम 'इतादाकिमास'. शाळेत साफसफाईची वेळ असते तेव्हा स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून बसू नकोस, फडकं घे आणि जा. दुसरीतली पोरं गुडघे न टेकता वाकून ओलं फडकं दोन्ही हातांनी दाबत व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जातात, त्यांच्याबरोबर एकदा पळालीस की पुढच्या तासाला जी मुलगी तोंडच उघडत नव्हती ती येऊन तुझा आवडता रंग विचारेल. आणि हो, शाळेत आत घालायचे वेगळे बूट लागतात, तेवढे आठवणीने घेऊन जा.

हिशोबी_माणूस
पैशांचं मी सांगतो कारण इथेच लोक फसतात. माझ्या कंपनीने एप्रिलचा पगार मे अखेरीला दिला होता, म्हणजे तोपर्यंत घरभाडं, फोन, किराणा सगळं स्वतःच्या खिशातून, त्यामुळे कंपनीला तारीख आत्ताच मेलवर विचारून ठेव. उन्हाळी सुट्टीमुळे ऑगस्टचा पगार कापतात का तेही विचार, बऱ्याच डिस्पॅच करारांत कापतात आणि मुलाखतीत कुणी स्वतःहून बोलत नाही. घर घेताना डिपॉझिट वेगळं, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी 'रेइकिन' वेगळी आणि गॅरंटर कंपनीची फी वेगळी, जवळपास यूआरची (सरकारी गृहनिर्माण संस्थेची) भाड्याची घरं असतील तर तिथे रेइकिन पण नाही आणि गॅरंटर पण नाही. घरी राहायला गेल्यापासून 14 दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, ते टाळू नकोस. सगळ्यात मोठा धक्का दुसऱ्या वर्षी बसतो. रहिवासी कर आदल्या वर्षाच्या कमाईवर लागतो, साधारण 10 टक्के, आणि जूनपासून सुरू होतो. पहिल्या वर्षी तो नसतो म्हणून हातात जास्त येतं आणि माणूस तेवढ्याच खर्चाची सवय लावून घेतो. आरोग्य विमा मात्र उत्तम आहे, डॉक्टरकडे गेलं की बिलाच्या 30 टक्केच भरायचे.

मिरचीकोथिंबीर
शाकाहाराबद्दल खोटा धीर देत नाही, शाळेच्या जेवणात जमणार नाही. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, जे साधं दिसतं त्यातही बहुतेक वेळा माशाचा दाशी (अर्काचं पाणी) असतो, आणि दुकानातल्या करीच्या वड्यांमध्ये सुद्धा बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. पहिल्याच आठवड्यात उपमुख्याध्यापकांना ('क्योतो-सेन्सेई', शाळेचा रोजचा कारभार तेच बघतात) सांग की मी डबा आणेन. लेखी दे, जपानीत दे, आणि काय खात नाही त्याची यादी दे, कारण नुसतं 'मांस नको' म्हटलं की मासे येतातच. घरी काही अडत नाही. ग्योमु सुपर नावाच्या स्वस्त दुकानांत काबुली चणे, मसाले मिळतात, डाळी-पीठ ऑनलाइन मागवता येतं, तोफू तर कुठेही.

हिशोबी_माणूस
अजून एक, जरा कडू आहे. या नोकरीत पगारवाढ जवळपास नसते. दोन-तीन वर्षांच्या पुढे राहणार असशील तर पहिल्या दिवसापासून जपानी शिक.

कोवळं_ऊन
हे शंभर टक्के पटलं. आणि परदेशी माणसाने तिथे कायम पाहुणाच राहायचं असंही काही नाही. योगेंद्र पुराणिक आपलेच मराठी, 2019 मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक म्हणून निवडून आले आणि 2023 मध्ये तुझ्या शेजारच्याच इबाराकीत एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. एकटेपणाचं म्हणशील तर गावात स्वयंसेवक जपानी शिकवतात का ते नगरपालिकेत विचार, बऱ्याच ठिकाणी असे वर्ग अगदी कमी पैशांत चालतात. शिकवणारे बहुतेक निवृत्त लोक असतात आणि मनापासून चौकशी करतात, मला माझी पहिली ओळख तिथेच मिळाली.

निळी_छत्री
किती सविस्तर लिहिलंत, खूप आभार! पगाराच्या तारखेचा मेल आजच टाकला. शेवटचं एक, कंपनी म्हणते गाडी चालवावी लागेल. भारतातलं लायसन्स चालतं का?

हिशोबी_माणूस
नुसतं नाही चालत. निघायच्या आधी आरटीओमधून इंटरनॅशनल परमिट काढ, ते तिथे जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. तेवढ्यात जपानी लायसन्समध्ये बदलून घ्यायचं, त्यासाठी लायसन्स मिळाल्यावर किमान तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावा लागतो, म्हणून जुना पासपोर्ट असेल तर तोही बरोबर ने.