प्रस्तावित ठराव : ‘धोकादायक’ जातींची कुत्री

सचिव :
सर्व सभासदांना नमस्कार. येत्या सर्वसाधारण सभेपुढे पुढील ठराव मांडण्याचा व्यवस्थापन समितीचा विचार आहे. ‘पिटबुल, रॉटवायलर, अमेरिकन बुलडॉग, केन कोर्सो आणि त्यांच्याशी मिळतेजुळते दिसणारे कोणतेही कुत्रे सोसायटीच्या आवारात पाळता येणार नाही, सध्या असलेले कुत्रे मालकाने तीन महिन्यांच्या आत अन्यत्र हलवावे.’ केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ जाती धोकादायक ठरवल्या होत्या, त्या यादीचा आधार यासाठी घेतला आहे. सभासदांनी आपली मते येथे सविस्तर मांडावीत. चर्चा संपेपर्यंत सुप्रभातचे संदेश आणि व्हिडिओ कृपया पाठवू नयेत.

बी-३०४ :
माझा ठरावाला पाठिंबा आहे. घरात दोन लहान मुले असल्यामुळे लिफ्टचे दार उघडल्यावर समोर रॉटवायलर उभा दिसला की माझ्या मनाचे काय होते, हे ज्यांच्या घरी लहान मुले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. मालक नेहमी म्हणतात की आमचा काही करत नाही. मात्र पिटबुलने एकदा पकडले की त्याचा जबडा कुलूप लागल्यासारखा बंद होतो, असे मी अनेकदा वाचले आहे.

सी-७०१ :
ताई, तुमची काळजी रास्त आहे. ताकदवान कुत्रा चावला तर होणारी इजा लहान कुत्र्याच्या चाव्यापेक्षा कितीतरी गंभीर असते, हे कोणत्याही प्राणिप्रेमीने नाकारू नये. जबड्याच्या कुलपाची गोष्ट मात्र खरी नाही. कोणत्याही जातीच्या कुत्र्याच्या जबड्यात तशी शारीरिक रचना नसते.

आता ठरावाविषयी. ज्या परिपत्रकाचा आधार घेतला आहे, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये, संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता काढल्याच्या कारणावरून रद्द ठरवले. ती यादी शांतपणे वाचली तर ती किती घाईत तयार झाली असेल याची कल्पना येते. त्यात ‘टोसा इनू’ आणि ‘जपानी टोसा’ ही एकाच कुत्र्याची दोन नावे स्वतंत्रपणे आली आहेत आणि ‘टेरियर’ असा एक सरसकट शब्द आहे, ज्यात मांजराहून फारसा मोठा नसलेला यॉर्कशायर टेरियरसुद्धा बसतो. शिवाय भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताच्या जोरावरही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लहान कुत्री चालतील पण मोठी चालणार नाहीत अशी अटही लादता येत नाही. म्हणजे हा ठराव मंजूर झाला तरी आव्हान मिळताच तो टिकणे कठीण आहे.

कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी मसुद्यातील ‘मिळतेजुळते दिसणारे’ हे शब्द मला सर्वांत जास्त खटकतात. ब्रिटनने १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्यात पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. तिथे कुत्र्याचे आईबाप कोण होते याला महत्त्व नसते. डोके, छाती, पाय यांची मापे आणि ठेवण पाहून तो त्या प्रकारात मोडतो का हे ठरवले जाते, आणि सरकारी पक्षाने एकदा आरोप केला की तो त्या प्रकारातला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात लेनॉक्स नावाचा कुत्रा मे २०१० मध्ये अशाच मोजमापावरून घरातून नेण्यात आला. त्याने कोणाला चावल्याची तक्रार नव्हती. मालकांनी दोन वर्षे न्यायालयात झगडून पाहिले, तरी जुलै २०१२ मध्ये त्याला मारण्यात आले. आमच्याकडे कोण असा कुत्रा मारणार आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तीन महिन्यांत अन्यत्र हलवायचे म्हणजे नेमके कुठे, याचा विचार मसुद्यात कुठेच दिसत नाही. ज्याच्यावर ‘धोकादायक’ असा शिक्का बसला आहे, असा पूर्ण वाढलेला कुत्रा घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही. तो निवाऱ्यात पडून राहतो किंवा रस्त्यावर सोडला जातो.

डोळ्यांनी जात ओळखणे तर अनुभवी लोकांनाही जमत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात प्राणी-निवाऱ्यांमधील १२० कुत्र्यांची जात तेथील कर्मचाऱ्यांना ओळखायला सांगून नंतर त्यांची डीएनए तपासणी करण्यात आली. ज्या कुत्र्यांमध्ये पिटबुलचा अंश आढळला नाही, त्यांपैकी तिघांतल्या एकाला कोणा ना कोणा कर्मचाऱ्याने पिटबुल ठरवले होते. आणि ज्यांच्यात तो अंश होता, त्यांपैकी पाचातला एक सर्वांच्याच नजरेतून सुटला होता. रोज कुत्री हाताळणाऱ्यांची ही अवस्था असेल, तर प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकाने कोणाला आत सोडायचे आणि कोणाला अडवायचे?

डी-१०२ :
आपला अभ्यास दांडगा आहे, तरीही मला एक शंका आहे. मेंढ्या राखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला कुत्रा न शिकवता मेंढ्यांमागे धावतो, हे सर्वमान्य आहे. मग झुंजीसाठी किंवा राखणीसाठी पैदास केलेल्या कुत्र्यात तो आवेश उतरत नाही, हे कसे मानायचे? सगळा दोष मालकाच्या माथी मारून कुत्र्याला निर्दोष सोडणे ही दुसऱ्या टोकाची भूमिका झाली.

सी-७०१ :
काका, शंका योग्य आहे. स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा असतो. प्रश्न असा आहे की जातीच्या नावावरून समोरच्या एका कुत्र्याविषयी आपल्याला किती कळते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती मालकांकडून गोळा करण्यात आली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी झाली. कुत्र्या-कुत्र्यांच्या वर्तनात जो फरक दिसतो, त्यातील केवळ सुमारे ९ टक्के फरक जातीमुळे समजावून सांगता येतो, असे त्यात आढळले. सांगितलेली गोष्ट ऐकण्यासारख्या काही गुणांत जातीचा प्रभाव अधिक दिसला. चटकन बिथरण्याच्या बाबतीत मात्र तो फारच कमी होता. एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांमधला फरक मोठा असतो, आणि चावणारा कुत्रा हा नेहमी कोणता तरी एक विशिष्ट कुत्रा असतो.

झुंजीचा मुद्दा आपण काढलात म्हणून सांगतो. २००७ मध्ये मायकेल विक या अमेरिकी फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा सापडला आणि तेथून सुमारे पन्नास पिटबुल ताब्यात घेण्यात आले. तोपर्यंत अशा प्रकरणातील कुत्री सरसकट मारण्याचीच रीत होती. या वेळी न्यायालयाच्या देखरेखीखाली प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी झाली, आणि आक्रमकतेच्या कारणावरून केवळ एका कुत्रीला मारावे लागले. बाकीच्यांतली बहुतेक बचावसंस्थांकडे गेली आणि त्यांपैकी अनेक पुढे घरांमध्ये, काही तर लहान मुले असलेल्या घरांमध्ये राहिली. इतर कुत्र्यांविषयीचा आवेश आणि माणसांविषयीचा आवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब बंदीच्या चर्चेत बहुतेक वेळा गाळली जाते.

बी-३०४ :
हे सर्व मान्य केले तरी माझ्या मुलांच्या सुरक्षिततेचे उत्तर यातून मिळत नाही. बंदीने धोका निदान थोडा तरी कमी होणार नाही का?

सी-७०१ :
ज्यांनी बंदी करून पाहिली, त्यांचा अनुभव तसे सांगत नाही. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर घातलेली बंदी २००८ मध्ये मागे घेतली, कारण चावण्याच्या घटना तिच्यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही. इटलीने यादी केली आणि २००९ मध्ये सोडून दिली. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १९८९ पासून असलेली बंदी २०२० मध्ये मतदारांनीच उठवली आणि तिच्या जागी परवाना पद्धत आली. ब्रिटनमध्ये मात्र यादी वाढली. फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये बंदीतून सूट देणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय एक्सएल बुली हा थोराड बांध्याचा कुत्रा पाळणे हा गुन्हा आहे. म्हणजे चार प्रकारांवर बंदी घालून तीन दशके उलटल्यावर पाचवा प्रकार उभा राहिला. हे अपेक्षितच होते, कारण ज्याला दरारा निर्माण करणारा कुत्रा हवा आहे, त्याची हौस बंदीने संपत नाही. तो यादीत नसलेला पुढचा कुत्रा शोधतो.

आपल्या मुलांसाठी उपयोगी माहिती दुसरीकडे आहे. अमेरिकेत २००० ते २००९ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात झालेल्या २५६ मृत्यूंचा अभ्यास पशुवैद्यकांच्या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ८७ टक्के घटनांत मध्ये पडू शकेल असे धडधाकट माणूस जवळ नव्हते, सुमारे ८४ टक्के घटनांतील कुत्र्यांची नसबंदी झालेली नव्हती आणि सुमारे ७६ टक्के घटनांत कुत्रा माणसांच्या रोजच्या सहवासापासून तोडून, साखळीला किंवा कुंपणात ठेवलेला होता. बहुतेक घटनांत अशी चार किंवा अधिक कारणे एकत्र आली होती. जात मात्र १८ टक्क्यांहून कमी घटनांतच खात्रीने सांगता आली. यातील जवळजवळ प्रत्येक कारण मालकाच्या हातातले आहे, आणि त्यांपैकी एकाचाही उल्लेख आपल्या मसुद्यात नाही. आपल्या ठरावानुसार दिवसभर गच्चीत साखळीला बांधलेला, येणाऱ्या-जाणाऱ्यावर दात विचकणारा लॅब्राडोर चालेल. शिकवलेला, लस दिलेला, पट्ट्याने चालणारा रॉटवायलर चालणार नाही. मला हे अन्यायकारक तर वाटतेच, पण त्याहून अधिक निष्काळजीपणाचे वाटते.

आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. कुत्रा गुरगुरतो तेव्हा तो इशारा देत असतो. काही मालक गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारतात. असा कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये, मालकाला विचारल्याशिवाय कोणत्याच कुत्र्याला कुरवाळू नये, आणि कुत्रा अंगावर आला तर पळत सुटण्याऐवजी हात अंगालगत ठेवून, नजर दुसरीकडे वळवून स्थिर उभे राहावे.

सचिव :
टीका समजली. पर्यायी मसुदा असल्यास द्यावा, म्हणजे समितीला त्यावर विचार करता येईल.

सी-७०१ :
सचिव महोदय, माझी सूचना अशी आहे. जातीचा उल्लेख पूर्णपणे काढावा आणि नियम सर्व कुत्र्यांना सारखा लागू करावा. प्रत्येक मालकाने रेबीजच्या लसीकरणाचा आणि स्थानिक नोंदणीचा दाखला दरवर्षी कार्यालयात द्यावा. सामाईक जागेत कुत्रा पट्ट्यावर आणि त्याला आवरू शकेल अशा प्रौढ व्यक्तीसोबतच असावा. या गोष्टी सक्तीने लादण्याऐवजी पाळीव प्राण्यांच्या मालकांची बैठक घेऊन त्यांच्या लेखी संमतीने ठरवल्या, तर त्या कायद्यातही बसतील आणि प्रत्यक्षात पाळल्याही जातील. एखादा कुत्रा चावला किंवा कोणाच्या अंगावर धावून गेला, तर त्या कुत्र्याची पशुवैद्यकाकडून वर्तन-तपासणी करून घेण्याची आणि सल्ल्यानुसार मुसके बांधण्याची हमी मालकाने द्यावी, मग तो कुत्रा पॉमेरेनियन का असेना. मालकाने हे टाळले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ प्राण्याच्या बाबतीत हलगर्जीपणा करणाऱ्या माणसालाच लागू होते. तक्रार तिथे करता येते.

डी-१०२ :
पर्यायी मसुदा मूळ मसुद्यापेक्षा बरा आहे, हे मान्य. तरीही ज्या कुत्र्याला सर्वसाधारण ताकदीचा प्रौढ माणूस आवरू शकत नाही, तो सदनिकेत असू नये, या मतावर मी ठाम आहे. हे मत चर्चेत नोंदवावे.

बी-३०४ :
लेखी संमतीची कल्पना चांगली आहे, परंतु त्यात लिफ्टचा स्पष्ट उल्लेख हवा. लहान मूल आत असेल तर कुत्र्याच्या मालकाने पुढच्या फेरीची वाट पाहावी, एवढे मान्य झाले तर मूळ ठरावाचा आग्रह मी सोडेन.

सी-७०१ :
ताई, मालकांच्या बैठकीत हा मुद्दा मी स्वतः मांडेन. माझ्याकडे कुत्रा नसल्यामुळे मला तो मांडणे सोपेही जाईल.

सचिव :
दोन्ही मसुदे आणि डी-१०२ यांचे मत समितीपुढे ठेवतो. मालकांच्या बैठकीची वेळ सूचना फलकावर लावली जाईल. तोपर्यंत कोणत्याही सुरक्षारक्षकाने जातीच्या कारणावरून कोणाचा कुत्रा अडवू नये, अशी सूचना आजच दिली जात आहे.